डिस्क आहे, पण दिसत नाही

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी किंवा जोडीला बसवता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम, बसवणं आता फार सोपं झालंय असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. बिजागऱ्या खिळखिळ्या झालेल्या, कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसली गेलेल्या जुन्या लॅपटॉपवर ते मुकाट्याने बसतं. कटकट करतो तो नवा लॅपटॉप. ज्याच्या झाकणावरची पारदर्शक फिल्मसुद्धा अजून निघालेली नाही, त्याच्या पोटात असे काही नवे भाग असतात की त्यांची आणि लिनक्सची ओळखपाळख व्हायचीच असते. ती करून द्यायचं काम मधल्या माणसावर येतं.

मधला माणूस म्हणजे मी.

मला या भानगडीत ओढलं माझ्या भाच्याने. लग्नमुंजीत भेटला तरी तो "कसे आहात" विचारायच्या आधी "अजून विंडोजच का?" असं विचारतो. नवा लॅपटॉप घेतल्याचं मी चुकून बोलून गेले आणि त्याच्या डोळ्यांत चमक आली. "मावशी, जगातले सगळ्यात ताकदवान पाचशे सुपरकॉम्प्युटर आहेत ना, २०१७ पासून ते सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. २०२१ मध्ये मंगळावर हेलिकॉप्टर उडालं, त्यातही लिनक्सच होतं. तुला तर नुसतं टायपिंग करायचंय!"

मी तपासून पाहिलं, दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. फक्त त्या हेलिकॉप्टरला विंडोजच्या मांडीला मांडी लावून राहायचं नव्हतं, एवढं सांगायचं तो विसरला. मला राहायचं होतं. ऑफिसचं एक सॉफ्टवेअर विंडोजशिवाय हलत नाही. तेव्हा विंडोज आहे तिथेच राहील आणि शेजारच्या रिकाम्या जागेत लिनक्स येईल, असा तह झाला.

पूर्वतयारी मी अगदी शहाण्या मुलीसारखी केली. डेटाचा बॅकअप घेतला. विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा वाटा, लहान केलं. फास्ट स्टार्टअप बंद केलं. हे फास्ट स्टार्टअप म्हणजे काय, ते कळल्यावर मात्र मला धक्काच बसला. ते चालू असताना आपण 'शट डाउन' म्हटलं तर विंडोज पुरतं बंद होतच नाही, कर्नलची, म्हणजे आपल्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर जपून ठेवून डोळे मिटून पडतं. पुरतं बंद होऊन नव्याने सुरू होतं ते 'रीस्टार्ट' म्हटल्यावर. म्हणजे इतकी वर्षं रोज रात्री ज्याला मी झोपवत होते, ते झोपेचं सोंग घेऊन पडलेलं असायचं. डाउनलोड केलेली लिनक्सची फाइल धड उतरली ना, हे पडताळायचा चेकसमही जुळवून पाहिला. तो चौसष्ट अक्षरी असतो आणि त्यात एकही शब्द उच्चारता येत नाही.

पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू झाला. काय त्याची अदब! भाषा कोणती हवी? कीबोर्ड कुठला? आपण राहता कुठे? माझ्या प्रत्येक उत्तरावर खूश होऊन तो पुढचं पान उघडत होता. मग आला कळीचा प्रश्न, कुठल्या डिस्कवर बसू? खाली यादी होती आणि यादीत एकच नाव होतं. ते त्या पेनड्राइव्हचं होतं. ज्या फांदीवर तो बसला होता, तिच्यावरच घर बांधायला निघाला होता. लॅपटॉपच्या आतली डिस्क, जिच्यावर पाच मिनिटांपूर्वी विंडोज सुखाने चाललं होतं, ती त्याच्या लेखी जगात नव्हतीच.

मला उगीचच लिनक्सचा जनक लिनस टोर्वाल्ड्स आठवला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी, हेलसिंकीत विद्यार्थी असताना, त्याने आपल्या या उद्योगाची पहिली जाहीर वर्दी दिली होती. हा नुसता छंद आहे, आणि एटी (त्या काळच्या पीसीतल्या) हार्डडिस्कखेरीज दुसऱ्या कशावर हे बहुधा कधीच चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढीच आहे, अशा अर्थाचं त्याने लिहिलं होतं. पुढे लिनक्स कुठल्या कुठे गेलं. माझ्या लॅपटॉपपुरता मात्र त्याने शब्द पाळला होता.

भाच्याला फोन लावला. त्याने त्याच्या मित्रांना विचारलं आणि पंधरा मिनिटांत माझ्यावर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात लाव. पेनड्राइव्हच बदल. कर्नल नवा घे. ही डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा हा अवतार, टाक, ती घे. ती कशाला, ही बरी. एकाने तर कर्नल स्वतः कंपाइल करायला सांगितलं, तेही 'जरा झाडू फिरवून घे' इतक्या सहज सुरात. लिनक्सवाल्यांचं एक आहे, त्यांचा सल्ला सहसा चुकीचा नसतो, तो दुसऱ्याच लॅपटॉपसाठी बरोबर असतो.

शेवटी भाचा म्हणाला, "मावशी, टर्मिनल उघड आणि डीमेसेज टाइप कर. कर्नल सुरू झाल्यापासून काय काय बोललाय ते दिसेल."

कर्नल किती बोलतो, याची मला कल्पना नव्हती. ओळींवर ओळी धबाधबा खाली कोसळल्या. डावीकडे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतची वेळ आणि उजवीकडे अगम्य. मधेच लाल अक्षरांत एसीपीआय नावाच्या, वीज आणि हार्डवेअर सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या चुका. मी घाबरून विचारलं, "अरे, हे लाल काय आहे?"

"ते असतंच. दुर्लक्ष कर."

"आणि हे? इथे चक्क एरर लिहिलंय."

"तेही असतं गं."

लाल ते निरुपद्रवी, एरर लिहिलंय ते किरकोळ. मग महत्त्वाचं कुठलं? ते निघालं मधल्याच एका साध्या, पांढऱ्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या ओळीत. तिचा मतलब असा, की रीमॅप केलेलं, म्हणजे वेगळ्या वाटेने जोडलेलं, एक एनव्हीएमई उपकरण (माझी आतली डिस्कच ती) सापडलं आहे, वापरायचं असेल तर बायोस, म्हणजे लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज, रेडवरून एएचसीआयवर आणा. रेड आणि एएचसीआय या डिस्क हाताळायच्या दोन पद्धती.

मी ती ओळ पुन्हा वाचली. म्हणजे याला रोग माहीत होता, औषध माहीत होतं, आणि हे सगळं त्याने सुरुवातीच्या काही सेकंदांतच लिहूनही ठेवलं होतं. दर्शनी भागात उभा असलेला तो अदबशीर इन्स्टॉलर मात्र मला कीबोर्डचा लेआउट विचारत बसला होता. लिनक्स तुमच्यापासून काहीही लपवत नाही, हा भाच्याचा आवडता दावा मला तेव्हा पटला. ते सगळं सांगतं, फक्त हजारभर ओळींच्या मधे सांगतं.

आता हे रेड प्रकरण. १९८८ साली बर्कलीच्या तिघा संशोधकांनी मांडलेली ही कल्पना मुळात झकास आहे. एका महागड्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जुंपायच्या, म्हणजे वेगही मिळतो आणि नीट रचल्या तर एखादी मेली तरी काम अडत नाही. माझ्या लॅपटॉपात डिस्क एक. दुसरी बसवायला जागासुद्धा नाही. तरी कारखान्यातून येताना तो रेडवर लावून आला होता. एकाच माणसाची मिरवणूक! त्यामुळे डिस्क एका वेगळ्या पडद्याआड गेली होती, आणि पडद्यामागे बघायचा ड्रायव्हर विंडोजकडे होता, इन्स्टॉलरकडे नव्हता.

बायोस उघडलं. एफ टू दाबायचं, पण नेमकं कधी, हे क्षणभराचं गणित आहे. लवकर दाबलं तर ऐकू जात नाही आणि उशिरा दाबलं तर विंडोज येऊन नमस्कार करतं. आत गेले तर रेड आणि एएचसीआय यांतलं एक निवडायची जागाच सापडेना. घड्याळ होतं, पंख्याचा वेग होता, सुरू होताना दिसणाऱ्या कंपनीच्या चिन्हाचीही सोय होती. भाच्याने कुठून तरी माहिती काढली. "त्या पानावर जा आणि कंट्रोल एस दाब."

"त्याने तर सेव्ह होतं ना?"

"दाबून तर बघ."

दाबलं. आणि जिथे काही नव्हतं तिथे एक ओळ उगवली. इतकी सभ्यपणे उगवली, जशी काही ती सकाळपासून तिथेच होती. आजूबाजूला कुठेही तिची सूचना नाही, मदतीच्या रकान्यात अवाक्षर नाही. ही जोडबटणं ज्याने ठरवली, तो माणूस घरच्या किल्ल्या कुठे ठेवत असेल, याचा मी अजून अधूनमधून विचार करते.

ती ओळ थेट बदलायची नसते. तसं केलं तर विंडोज निळा पडदा दाखवून हात वर करतं. आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, स्थगित करायचं, विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं, मग बायोसमध्ये एएचसीआय करायचं, विंडोज अर्धवट शुद्धीत उठलं की ते नवा ड्रायव्हर घेतं, त्यानंतर सेफ मोड काढायचा. हे सगळं सुरळीत झालं. इन्स्टॉलर पुन्हा लावला तर डिस्क दिसली, आणि लिनक्स बसलंही. त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे गेली.

रीस्टार्ट केलं. विंडोज आलं. पुन्हा केलं. पुन्हा विंडोज. लिनक्स डिस्कवर होतं, जागा अडवून बसलं होतं, पण लॅपटॉप त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता.

इथे सिक्युअर बूटशी गाठ पडली. हा सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन आहे. तो चेहरा बघत नाही, सही बघतो. ज्याच्या चिठ्ठीवर ओळखीची सही आहे तो आत, बाकीचे बाहेर. म्हणून मोठ्या डिस्ट्रो शिम नावाची एक छोटी फाइल पुढे पाठवतात. तिच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. ती आत जाते आणि मग बाकीच्यांना आत घेते. हे ऐकून मी भाच्याला विचारलं, "म्हणजे तुझ्या त्या स्वातंत्र्याच्या पासवर मायक्रोसॉफ्टची सही?"

भाच्याच्या फोनची रेंज गेली.

माझ्या वॉचमनला तर सहीही पुरेना. त्याला त्या फाइलवर मालकाने स्वतः विश्वास दाखवायला हवा होता. तशी सोय बायोसमध्ये होती, पण करडी पडलेली. ती जागी करायला आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो, हेही अर्थात कुठे लिहिलेलं नव्हतं. ठेवला. फोल्डरमागून फोल्डर उघडत ती फाइल शोधली, विश्वास दाखवला, आणि अखेर काळ्या पडद्यावर ग्रबची, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करू असं विचारणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी आली. लिनक्स वर, विंडोज खाली. मी लिनक्स निवडलं.

पडदा काळाच राहिला.

हा ग्राफिक्स कार्डाचा रुसवा होता. त्यावरचा उतारा सगळ्यांना पाठ असतो. ग्रबमध्ये ई दाबा, लिनक्सने सुरू होणारी ओळ शोधा, शेवटी नोमोडसेट लिहा, एफ टेन. लिहिलं आणि डेस्कटॉप उजाडला. पुढे योग्य ड्रायव्हर टाकला तर त्यावर ओळखीची सही नाही, म्हणून मशीनची स्वतःची किल्ली तयार करून नोंदवायची आणि त्यासाठी पुन्हा रीस्टार्ट. त्या वेळी एक निळं पान येतं, कुठलंही बटण दाबा म्हणतं आणि दहा सेकंद वाट बघून निघून जातं. डोळ्यात तेल घालून, बोट कीबोर्डवर ठेवून बसावं लागतं. वायफायचं फर्मवेअरही नव्हतं आणि ते उतरवायला इंटरनेट हवं, पण तो प्रश्न फोन केबलने जोडल्यावर सुटला. या सगळ्या प्रवासात पहिल्या फटक्यात झालेली गोष्ट ही एकच.

आता विंडोज ठीक आहे ना ते बघावं म्हणून यादीतून ते निवडलं, तर बिटलॉकरने वाट अडवली. स्थगिती केव्हाच संपली होती आणि विंडोज आज भलत्याच दाराने आलं होतं. त्याचा संशय रास्तच म्हणायचा. त्याने रिकव्हरी की मागितली. ती अठ्ठेचाळीस आकडी असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मी ती आधीच वहीत उतरवून ठेवली होती. नवरा वाचत होता, मी टाइप करत होते. पाचव्या गटाला मशीन अडून बसलं.

"नीट वाचा की."

"नीटच वाचतोय. अक्षर तुझं आहे."

यातली गंमत अशी की प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो. त्यामुळे एखादा आकडा चुकला की तिथल्या तिथे कळतं. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने कागद घेऊन पाचव्या गटाला अकराने भागायला सुरुवात केली. बाकी उरली. मग माझा एक हा मुळात सात आहे असा निष्कर्ष निघाला आणि विंडोज उघडलं.

सगळं सुरू झाल्यावर शेवटी घड्याळ बिघडलं. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की वेळ कित्येक तासांनी चुकायची. मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर चालवतं आणि विंडोज ते स्थानिक वेळेचं समजतं. दोघं आपापल्या परीने ते दुरुस्त करत होते. यावरही एक आज्ञा आहे. ती लिनक्सला सांगते की बाबा रे, तूही स्थानिक वेळच धर. मी ती दिली आणि वाद मिटला. आता वेळेची स्थिती विचारली की लिनक्स सगळं अचूक दाखवतं आणि खाली न चुकता लांबलचक ताकीद देतं, की या पद्धतीला पूर्ण पाठिंबा देता येणार नाही.

नको देऊस. वेळ बरोबर दाखव म्हणजे झालं.