दहा टक्क्यांचे साडू

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर घासाघीस करताना समोर निदान माणूस असतो. त्याने हजार म्हणावे, आपण सहाशेवर अडून पाठ फिरवावी आणि चार पावले गेल्यावर मागून "या पावणं, बसा तरी" अशी हाक यावी, हा त्या व्यवहाराचा शिरस्ता. मोबाईलमधले दुकानही हाक मारते, नाही असे नाही. कार्टमध्ये टाकून ठेवलेला मिक्सर आपली वाट पाहत असल्याचा निरोप ते ऐन झोपेच्या वेळी धाडते, पण किंमत मात्र एका रुपयानेही उतरवत नाही.

तांबड्या रश्श्याचे वाटण करता करता जुन्या मिक्सरने मान टाकली होती. नव्याची छापील किंमत खोडून तिच्याखाली जवळपास निम्मा आकडा लिहिलेला होता. वास्तविक 'कमाल किरकोळ किंमत' म्हणजे तिच्यावर पैसे घेता येत नाहीत एवढेच. तिच्याखाली विकायला कोणाचीच मनाई नसते, आणि राजारामपुरीतल्या दुकानातही छापील किमतीला मिक्सर कोणी घेत नाही. तरीही खोडलेला आकडा दिसला की आमच्या घरात निम्मे पैसे वाचल्याचा आनंद पसरतो.

या आनंदात भर घालणारी ओळ खाली होती: अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर आणखी १० टक्के सूट. ते कार्ड कसबा बावड्यातल्या साडूंकडे होते. साडूंकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही, म्हणून पाव किलो पेढे आले. गेल्यावर त्यांच्या नव्या गाडीच्या मायलेजचे आख्यान ऐकणे आले. मग त्यांनी चष्मा पुसून, प्रत्येक आकड्यानंतर माझ्याकडे रोखून पाहत, कार्डाचा नंबर सांगितला. ओटीपी आला तो त्यांच्या फोनवर, फोन चिरंजीवांकडे आणि चिरंजीव गच्चीवर. ते खाली उतरेपर्यंत ओटीपीची मुदत संपली.

दुसऱ्या ओटीपीची वाट पाहताना सौभाग्यवतींची नजर बिलावर गेली. जादा वॉरंटीचे पैसे त्यात परस्पर चढले होते. गिऱ्हाइकाला न विचारता त्याच्या टोपलीत माल सरकवण्याच्या या कलेला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मनाई केली असून, 'डार्क पॅटर्न' म्हणून जाहीर झालेल्या १३ क्लृप्त्यांत 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणेही येते. "ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन लावून तक्रार करा," साडू कडाडले, "पण आधी ती वॉरंटीची खूण काढा, माझ्या कार्डावर पडेल."

सूट टक्क्यांनी कितीही होत असली तरी २५० रुपयांच्या वर मिळणार नाही, हे बारीक अक्षरात सर्वांत खाली होते. त्यातून पेढे आणि पेट्रोल वजा करण्यास सौभाग्यवतींनी मला मनाई केली.

साडूंचे पैसे मी त्याच रात्री यूपीआयने पोचते केले. तरीही पुढे सासुरवाडीच्या बारशात त्यांनी चारचौघांत माझी ओळख करून दिली ती "यांचा मिक्सर माझ्या कार्डावर आहे" अशीच.