जागेवर दंड: "काही केलंच नाही त्याला कसली भीती?"

किरकोळ गुन्हा असेल तर पोलिसाने तिथल्या तिथे पावती फाडावी, इंग्लंडमध्ये असंच करतात, कोर्टाचा वेळ वाचतो, माणसावर डाग लागत नाही, आणि ज्याने काही केलंच नाही त्याला कसली भीती, असा एक मेसेज जोरात फिरतोय. इंग्लंडचंच उदाहरण घ्यायचं तर पूर्ण घ्या ना.

डाग लागत नाही हे अर्धंच खरं. २००१ च्या कायद्याने ही दंडाची नोटीस आली, दारू पिऊन दंगा, छोटी दुकानचोरी वगैरेसाठी. पैसे भरले म्हणून गुन्हा कबूल केला असं धरत नाहीत हे बरोबर, पण यातल्या काही गुन्ह्यांची पोलिसांच्या कॉम्प्युटरवर नोंद राहते आणि काही नोकऱ्यांच्या सखोल तपासणीत ती वर येऊ शकते.

आता ती "कसली भीती". २१ दिवसांत पैसे भरा नाहीतर कोर्टात सुनावणी मागा, दोन्ही नाही केलं तर दीडपट. यातला मोठ्या दराचा दंड २०१३ मध्ये ९० पौंड झाला. खरंच काही न केलेला माणूस हिशोब करतो, रजा टाका, कोर्टात हेलपाटे घाला, हरलो तर आणखी खर्च, त्यापेक्षा गपचूप भरून टाकू. आणि एकदा भरले की पोलिसाकडे पुरावा होता का हे कोणी बघतच नाही! मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

"रक्कम ठरलेली आहे, मग मनमानी कुठे?" अहो, थांबवायचं कोणाला, समज देऊन सोडायचं कोणाला, हे तर तो पोलीस एकटाच ठरवतो. त्यात वरून टार्गेट आलं की बघायला नको. तिकडे २००० नंतरच्या दशकात "निकाली काढलेल्या गुन्ह्यांच्या" आकड्यात या पावत्याही धरायचे, त्यामुळे नुसतं दटावून भागलं असतं तिथेही पावती फाडायचा मोह. कोविडच्या वेळी तर आधी समजवा, दंड शेवटी असं धोरण होतं, तरी लोकसंख्येच्या मानाने कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना गोऱ्यांपेक्षा जास्त दंड झाले.

मग सरसकट सगळ्यांनाच दंड करा म्हणाल तर तेही नको. घाबरलेल्या पोराला समज देऊन घरी पाठवायची मोकळीक पोलिसाला पाहिजेच. फक्त ज्याला सोडलं त्याचीही नोंद ठेवा, पावतीवर कारण लिहा, आणि पैसे भरायची मुदत संपायच्या आत वरच्या अधिकाऱ्याने ती तपासून चुकीची असेल तर स्वतःहून रद्द करावी.