खोली सोडू नका, बाप्पा!

आमच्या वाड्यातली खोली भाडेकरूकडून परत मिळावी म्हणून लावलेल्या दाव्याची काल पुन्हा तारीख होती. पुन्हा पुढची मिळाली. कोर्टातून भर उन्हात घरी येताना वाटलं, नऊ वर्षांत जमलेलं ज्ञान आता वाटून टाकावं. तर नागपुरात महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांत एखादी स्वस्त खोली दाबून बसलेल्या भाडेकरूंनो, लिहून घ्या.

भाडं वेळेवर देऊ नका. घाई कायची? 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात थकबाकीच्या नोटिशीनंतर 90 दिवस दावाच लावता येत नाही. लावला तर समन्स मिळाल्यापासून आणखी 90 दिवस. तेवढ्यात थकबाकी, 15 टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च भरा, सुटलात. आमच्या खोलीचं भाडं महिना 110 रुपये. सहा महिने थकलं तर व्याजात फार तर तर्री-पोह्याची एखादी प्लेट येईल.

घरमालकाला कायद्यानं वर्षाला 4 टक्के वाढ मागता येते, म्हणजे 4 रुपये 40 पैसे. ती मागितली की गळकं छत दाखवा.

शहराच्या कडेला, बेसाला, स्वतःचं दुमजली घर बांधा. वास्तुशांतीची पहिली पत्रिका घरमालकाला.

आता खरी कला. दाव्याच्या आधी सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय खोली वापरली नाही, तर ती हातची जाऊ शकते. म्हणून पाचव्या महिन्यात एक चक्कर मारा. आमचे भाडेकरू काका मारतात. स्कूटीवर येतात, सोबत डबा. कुलूप उघडतात, एक रात्र झोपतात आणि सकाळी बल्ब तसाच चालू ठेवून जातात. मीटर फिरलं पाहिजे ना! बिल म्हणजे पुरावा. मागच्या मे महिन्यात तर कूलर चालू ठेवून गेले. बाहेर 45 डिग्री, वर टिनाखाली माझी आई, अन् खाली रिकाम्या पलंगाला वाळ्याचा गार वारा! मी फोन केला तर म्हणतात, "कायले तापून राहिला बाबू? खोली का पळून चालली का?"

नाही काका, खोली नाही पळत. माणसं जातात. वडिलांच्या वेळी 1949 चा सी.पी. अँड बेरारचा, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचा, भाडे नियंत्रण आदेश होता. आधी रेंट कंट्रोलरची परवानगी, मग नोटीस, मग दावा. 31 मार्च 2000 ला नवा कायदा आला, ती एक पायरी गेली. तोवर वडीलही गेले होते.

घरमालकानं स्वतःच्या गरजेसाठी खोली मागितली तर त्याची गरजच खोटी पाडा. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही, म्हणून खालची खोली हवी, एवढंच आमचं म्हणणं. काकांच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलं, "आई गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून भाजी घेतात, हे खरं आहे का?" खरं आहे. "म्हणजे खाली न उतरताही त्यांचं भागतं?" आता यावर काय बोलायचं? काका, त्या पिशवीला हात घालून तुमच्या सुनेनंही कितीदा कोथिंबीर नेली आहे, हे सांगायला पाहिजे होतं. तिथं सुचलं नाही.

जास्त त्रास कोणाला होईल, हेही कोर्ट तोलून बघतं. तोला ना! एका पारड्यात बेसाचा बंगला ठेवा, दुसऱ्यात आमचा सतरा पायऱ्यांचा जिना.

लाज वाटत नाही का हो? तुमच्या पोरीच्या लग्नात याच आईनं पंगतीत वाढलं होतं. तुमच्या घरचं बाळंतपण, आजारपण, सगळं या वाड्यात झालं. वडिलांनी 1978 साली शब्दावर खोली दिली, कागद केला नाही. "माणूस चांगला आहे" म्हणाले. कायदा राहायला घर नसलेल्यासाठी आहे काका, कुलूप लावायला जागा हवी असलेल्यासाठी नाही!

पुढची तारीख दीड महिन्यानं आहे. येताना किल्ली आणा. ते होत नसेल तर निदान तो बल्ब तरी बंद करा. रात्री फटीतून उजेड दिसला की आईला वाटतं, खाली कोणी राहतं.