उणे बत्तीसची साडेसाती

ब्राउझरच्या पोटात जेवढे कारभारी आहेत, त्यांत स्टाइलशीटचा (पानाचे रंग-आकार सांगणाऱ्या फाइलचा) पार्सर, म्हणजे ती वाचून अर्थ लावणारा कोड, सगळ्यात सोशिक. जावास्क्रिप्टमध्ये एक कंस चुकला की अख्खी फाइल संपावर जाते. इथे नियमच असा की न समजलेली घोषणा पुढच्या अर्धविरामापर्यंत निमूट गिळायची आणि कुणाला कळू द्यायचं नाही. महिरपी कंस उघडून लेखक पसार झाला, तर फाइल संपताना तो आपणच मिटायचा. अवतरणचिन्ह अर्धवट राहिलं? तेही. एखादं छायाचित्र उचलून त्याच्या बाइट्स स्टाइलशीट म्हणून पुढे केल्या, तरी या गृहस्थाने त्या शेवटपर्यंत वाचून, काही हाती लागलं नाही म्हणून शांतपणे परत यायला हवं. त्यामुळे पार्सर क्रॅश झाला तर ‘पान लिहिणाऱ्याने घोळ घातला होता’ ही सबब चालत नाही. गुन्हा ब्राउझरचं इंजिन लिहिणाऱ्यांचाच.

बरं, कोसळावं तर सगळीकडे सारखं कोसळावं. पण याचा पंक्तिप्रपंच! एक्स-८६ जातीच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपवर पान उघडताच टॅब गतप्राण, आणि आर्म जातीच्या छोट्या लिनक्स बोर्डावर तेच पान गुणी बाळासारखं उघडतं. लगेच सगळ्यांची बोटं प्रोसेसरकडे वळतात. मला विचाराल तर ज्या मशीनवर पार्सर पडत नाही, तिच्यावर आधी पाळत ठेवावी. चूक दोन्हीकडे तीच असते, एकीने पोटात घातलेली असते इतकंच.

सुरुवात फाइल बारीक करण्यापासून. हल्लीची स्टाइलशीट दाबून-चेपून एकाच ओळीत बसवलेली असते, त्यामुळे ‘ओळ १ मध्ये काहीतरी बिघडलं’ या माहितीचं लोणचं घालायचं. अर्धी फाइल उडवावी, उरलेल्या अर्धीवर पडतो का बघावं, पडला की पुन्हा अर्धी. कंस जुळवत बसायची गरज नाही, पार्सर ते स्वतः मिटतो. त्याच्या सोशिकपणाचा तेवढाच काय तो फायदा. मात्र कापाकापी एडिटरमध्ये करू नये. काही एडिटर सुरुवातीला बीओएम या अदृश्य खुणेच्या तीन बाइट चिकटवतात, काही शेवटी न मागता नवी ओळ देतात, आणि सेव्ह करताच क्रॅश अंतर्धान पावतो. बाइट मोजून तोडणारी ‘हेड’ ही आज्ञा बरी. तीही देवनागरी अक्षराच्या मधोमध चालवली, तर अक्षराच्या तीन बाइटपैकी एकदोनच उरतात, डीकोडर त्या जागी बदली चिन्ह बसवतो, आणि आपण भलत्याच बगच्या मागे धावू लागतो.

अशी छाटणी करत गेलं की हाती काय उरावं? एक टिंब, ‘रंग’ हे क्लासचं नाव आणि रिकामे महिरपी कंस. एकूण १२ बाइट. नाव पूर्ण कायदेशीर आहे: देवनागरी अक्षरं स्टाइलशीटमधल्या नावात चालतात.

आता या बारा बाइटमध्ये ब्राउझर आडवा करण्याची ताकद कुठून आली? यूटीएफ-८ या अक्षरांच्या बाइट ठरवणाऱ्या पद्धतीत ‘र’ म्हणजे २२४, १६४, १७६. बाइटवर चालणारा टोकनायझर (मजकुराचे तुकडे पाडणारा पार्सरचा भाग) एकेक बाइट घेतो आणि २५६ घरांच्या तक्त्यातून ‘हिच्याशी काय करायचं’ त्या फंक्शनचा पत्ता काढतो. सी++ भाषेतला साधा ‘चार’ (char, एक बाइट ठेवणारा प्रकार) चिन्हासहित, म्हणजे उणे आकडेही धरणारा, की चिन्हाविना, हे भाषेने ठरवलेलंच नाही. लिनक्सवर आर्ममध्ये तो चिन्हाविना, म्हणून २२४ हे २२४ च राहतं आणि तक्त्याचं योग्य घर मिळतं. एक्स-८६ वर तो चिन्हासहित, म्हणून २२४ चे होतात उणे ३२. तक्त्यात उणे बत्तिसावं घर नाही. पण प्रोसेसर आज्ञाधारक, तो तक्त्याच्या ३२ घरं मागे जाऊन जे असेल ते उचलतो. ६४-बिट बिल्डमध्ये पत्ता ८ बाइटचा, म्हणजे २५६ बाइट मागे. ३२-बिटमध्ये ४ बाइटचा, म्हणजे १२८. तिथे काय असावं हे लिंकरच्या, म्हणजे कोडचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामच्या, मर्जीवर. शून्य असेल तर प्रोग्राम थेट शून्य पत्त्यावर उडी मारतो. एखाद्या खऱ्या फंक्शनचा पत्ता असेल तर तेच फंक्शन भलते आर्ग्युमेंट घेऊन चालू लागतं, क्रॅश पुढे कुठेतरी फॉन्टच्या कोडमध्ये होतो, आणि बग फॉन्टवाल्यांच्या गळ्यात पडतो. ते बिचारे आठवडाभर फॉन्ट तपासतात.

‘आर्म म्हणजे चिन्हाविना’ असं सूत्र पाठ करून निश्चिंत व्हावं, तर ॲपलच्या ६४-बिट आर्मवर ‘चार’ चिन्हासहित आहे, विंडोजच्या आर्मवरही. प्रोसेसरचं नाव विचारून भागत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमही विचारावी लागते.

शून्यावर उडी मारून मेलेल्या प्रोग्रामचा बॅकट्रेस (कुणी कुणाला बोलावलं याची यादी) बघून धीर सोडू नये. एक ओळ, शून्य पत्ता, पुढे दोन प्रश्नचिन्हं. एक्स-८६ वर फंक्शन बोलावताना परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवला जातो, म्हणून स्टॅक पॉइंटर जिथे आहे तिथला पहिला शब्द वाचावा: उडी कुणी मारली ते कळतं. आर्मवर तोच पत्ता लिंक रजिस्टरमध्ये बसलेला असतो. मग ॲड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर, म्हणजे चालता चालता चुका पकडणाऱ्या तपासण्या, लावून पुन्हा बिल्ड करावं. दुसरा साहेब सरळ सांगतो की ‘उणे ३२’ हा क्रमांक तक्त्याच्या बाहेर आहे. यासाठी दुसरं मशीनही लागत नाही. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांकडे ‘चार’चं चिन्ह बदलणारे पर्याय आहेत, एफ-साइन्ड-चार आणि एफ-अनसाइन्ड-चार. एकाच लॅपटॉपवर दोन बिल्ड करावेत. पर्यायाबरोबर क्रॅश हलला, की चोर सापडला. दुरुस्ती म्हणजे तक्त्यात शिरण्याआधी बाइटला अनसाइन्ड करणं. एका शब्दाचा पॅच, त्यावरची चर्चा मात्र चार पानांची.

मशीनगणिक रंग बदलणारे असे पाहुणे आणखी आहेत. झेड-इंडेक्सला (कुणी कुणाच्या वर दिसायचं हे ठरवणाऱ्या आकड्याला) ९९९९९९९९९९९ देणारे महाभाग जगात कमी नाहीत. एखादा बेफिकीर पार्सर हा आकडा आधी दशांशात वाचतो आणि मग न तपासता ३२-बिट पूर्णांकात कोंबतो. सी++ म्हणते, आम्ही जबाबदार नाही. एक्स-८६ ची सूचना अशा वेळी उणे २१४७४८३६४८ देते, आर्मची अधिक २१४७४८३६४७ वर थांबते. म्हणजे सगळ्यांच्या वर यायला निघालेला पॉपअप एका मशीनवर खरंच वर येतो आणि दुसऱ्या मशीनवर सगळ्यांच्या खाली गाडला जातो. जीसीसीत ही तपासणी सॅनिटायझरच्या नेहमीच्या संचात येत नाही, फ्लोट-कास्ट-ओव्हरफ्लो म्हणून वेगळी मागून घ्यावी लागते.

काही वेळा प्रोसेसरचा संबंधच नसतो. मोजमाप बनवणाऱ्या फंक्शनला एकाच ओळीत दोन आर्ग्युमेंट दिली, ‘आकडा वाच’ आणि ‘एकक वाच’, तर आधी कुठलं चालेल हे सी++ सांगत नाही. क्लँग डावीकडून जातो, जीसीसी पुष्कळदा उजवीकडून. मग पार्सर ‘१२ पिक्सेल’मध्ये आधी एकक शोधू लागतो आणि समोर १ बघून गडबडतो. दोन प्लॅटफॉर्मचे बिल्ड दोन कंपायलरनी केलेले असतील तर आळ विनाकारण प्रोसेसरवर. आधी कंपायलर एक करावा, मग भांडावं.

क्रॅशची यादी वाचतानाही सावध असावं. कोडमध्ये मुद्दाम पेरलेला ट्रॅप (तपासणी चुकली की प्रोग्राम थांबवणारी सूचना) एक्स-८६ लिनक्सवर सिगइल या सिग्नलच्या नावाने नोंदला जातो आणि ६४-बिट आर्मवर सिगट्रॅप म्हणून. तीच तपासणी, तीच ओळ, पण दोन बग, दोन मालक, दोन बैठका.

आर्म हाताशी नाही म्हणून क्यूएमू या नकली मशीनवर चालवलं आणि सगळं हिरवं आलं, तरी हुरळू नये. एक्स-८६ वर बसलेला क्यूएमू यजमानाचे लाड बरोबर आणतो: वाकड्या (बाइटच्या ठरलेल्या पटीत न बसणाऱ्या) पत्त्यावरून वाचलं तरी बहुधा चालवून घेतो, आणि दोन थ्रेडमधल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम खऱ्या आर्मइतका कधी विस्कटत नाही. पार्सर वेगळ्या थ्रेडवर असेल तर खरंखुरं आर्मच लागतं.

आणि शेवटी एस-३९०-एक्स, ही आयबीएमच्या मेनफ्रेमची जात. इथे बाइटचा क्रम उलटा. रंगाच्या चार बाइट (लाल, हिरवा, निळा, अपारदर्शकता) एका ३२-बिट आकड्यात भरून त्या मेमरीतून क्रमाने वाचणारा कोड इथे उताणा पडायला हवा, पण चाचण्या पास होतात. कारण चाचणी लिहिणाऱ्याला रंग म्हटलं की लालच सुचतो. लाल म्हणजे २५५, ०, ०, २५५. उलटा वाचला तरी लालच. हिरवा घेऊन बघा: ०, २५५, ०, २५५ चे उलटून होतात २५५, ०, २५५, ०, म्हणजे शून्य अपारदर्शकतेचा किरमिजी. क्रॅश नाही, एररही नाही, डब्बाच दिसत नाही. चाचणीत चारही बाइट वेगवेगळ्या घ्याव्यात, १८, ५२, ८६, १२० अशा.