बाळंतविड्यातले लोड

आज बारशाला गेले आणि वाईटपणा घेऊन घरी आले.

चुलत भाचीचं पहिलं बाळ, दोन महिन्यांचं. बारसं लांबलेलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, आत्याच्या पाठीवर बुक्के, घुगऱ्या, सगळं छान. मग बाळाला झोपवलं. पाळण्यात बाळंतविड्यातली मऊमऊ गादी, मोहरीची उशी, दोन्ही बाजूंना लेस लावलेले लोड, पायाशी ससा, वरून दुलई. डोक्याला टोपडं. मे महिन्यात! आणि या सगळ्या पसाऱ्यात बाळ पालथं.

मी उठले आणि त्याला उताणं केलं, उशी काढली. लगेच कोरस सुरू. दचकेल. उलटी घशात अडकेल. डोकं चपटं होईल. आमची नाही का वाढली?

वाढली. सगळी नाही वाढली.

माझ्याआधी आईला एक मुलगा होता. १९७४ साली, तीन महिन्यांचा. दुपारी दूध पिऊन झोपला तो उठलाच नाही. ताप नाही, खोकला नाही. कुणी दृष्ट म्हणालं. कुणी म्हणालं, शेजारी निजली होती, अंगाखाली घेतलं असेल. दृष्ट लोक विसरले, अंगाखालचं नाही विसरले.

धडधाकट बाळ असं झोपेतच अचानक जाण्याचा धोका कमी व्हावा, म्हणून तिथे बोलले ते इथेही लिहिते. वर्षाचं होईपर्यंत बाळाला उताणंच झोपवायचं, रात्री आणि दुपारीही. कुशीवरही नको, तिथून ते पालथं होतं. गादी घट्ट आणि सपाट. पाळण्यात बाळ सोडून काही नको. अमेरिकेत पाळण्याच्या कडेचे असले मऊ लोड २०२२ साली कायद्याने बंद केले, आणि आपण ते हौसेने आहेरात देतो! उलटीचं म्हणाल तर उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, पालथं घातलं की खाली येते. मग दूध कुठे शिरायची भीती जास्त, तुम्हीच बघा. डोक्याची काळजी असेल तर जागं असताना, समोर बसून, पोटावर खेळवा. आणि घरात सिगारेट ओढणाऱ्यांनी तर उशीवर बोलूच नये.

बरं, सगळं पाळूनही एखादं बाळ जातं, पूर्ण कारण डॉक्टरांनाही उमगलेलं नाही. मान्य. आणि एका खोलीत पाच माणसं झोपणाऱ्या घरात 'बाळाला कुशीत घेऊन झोपू नकोस' म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. अंगावरचं दूध तर हवंच, त्यानेही हा धोका कमी होतो. पण पाजून झालं की शेजारीच त्याचं वेगळं अंथरूण ठेवता येतं ना? बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर घोरणाऱ्या बाबांना मात्र माफी नाही.

हे सगळं मी भर बारशात मोठ्या आवाजात सुनावलं. आई कोपऱ्यात घुगऱ्यांची वाटी घेऊन बसली होती. माझ्या ध्यानातच आलं नाही.

रिक्षात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला पालथं मीच घालायचे गं. पोटात वारा धरायचा, पालथा घातला की शांत व्हायचा."

त्या बाळाबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. मी कशीबशी सांगत राहिले. अगं, तेव्हा परदेशातले डॉक्टरसुद्धा पालथंच घाला म्हणायचे. ब्रिटनमध्ये उताणं झोपवायची मोहीम निघाली १९९१ साली, अमेरिकेत १९९४ साली. त्यानंतर तिथे असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. तुला १९७४ साली कोण सांगणार होतं?

तिने एवढंच विचारलं, "मग अंगाखाली नव्हता ना आला?"

"नाही गं आई."

भाची रागावली आहे, फोन उचलत नाही. नको उचलू दे. तिच्याकडे कुणी जाणार असेल तर ते लोड काढलेत का, तेवढं बघून मला कळवा.