‘अब्राकडाब्रा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘अब्राकडाब्रा’ या शब्दावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “अब्राकडाब्रा हा शब्द अरामाईक आहे. अर्थ ‘मी बोलतो तसं घडतं’. शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. अभ्यास नसेल तर लिहिणं बंद करा.” (अरामाईक म्हणजे पश्चिम आशियातली एक प्राचीन भाषा.) शिवाय लेखाची लांबी, शुद्धलेखन आणि ‘अब्राक्सास’ या प्राचीन ताइतांवर आढळणाऱ्या गूढ नावाबद्दलही तुमची तक्रार आहे.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘बंद करा’ ही कुठली भाषा? ओळख ना पाळख, आणि माझा अभ्यास एका वाक्यात निकालात काढलात. ते मला लागलं. लॅटिन मी तरुणपणी शिकलो ते हौसेनं, आणि सेरेनस या रोमन लेखकाच्या, हा शब्द असलेल्या ओळी मुळातून वाचल्यापासून या शब्दाचा पिच्छा सोडलेला नाही. तुम्ही त्या वाचल्या आहेत का? तुमच्या प्रतिक्रियेत सेरेनसचं नावसुद्धा नाही.

‘गूढ उकललं’ हे माझ्या लेखाचं शीर्षक भडक होतं, एवढं मान्य. बदलतो.

आता तुमचा ‘शाळकरी’ अर्थ. शब्दाचा सर्वात जुना ज्ञात उल्लेख सेरेनस सामोनिकसच्या ‘लिबर मेडिसिनालिस’ या रोमनकालीन, पद्यात लिहिलेल्या वैद्यकग्रंथात येतो. तिथे तो पाळीच्या, म्हणजे ठरावीक दिवसांनी पुन्हा चढणाऱ्या तापावरचा उपाय आहे. शब्द लिहायचा, खालच्या ओळीत शेवटचं अक्षर गाळून पुन्हा लिहायचा, असं करत एकच अक्षर उरेपर्यंत जायचं. लॅटिनमध्ये अक्षरं 11, म्हणून ओळीही 11. तो त्रिकोण जवसाच्या धाग्यानं गळ्यात बांधायचा. शब्द झिजतो तसा ताप झिजावा, ही त्यामागची कल्पना. तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथात अंधत्व आणणाऱ्या ‘शब्रीरी’ या पिशाच्चाला घालवताना त्याचं नाव असंच तोडत नेतात: शब्रीरी, ब्रीरी, रीरी, ईरी, री. लंडनच्या 1665च्या प्लेगवर इंग्रज लेखक डॅनियल डिफोनं 1722 साली लिहिलं, त्यातही लोक हा शब्द त्रिकोणात लिहून अंगावर बाळगताना दिसतात.

म्हणजे जुन्या वापरात हा शब्द काही निर्माण करत नाही, घालवतो. बोलून घडवायचंच असेल तर तो अक्षरागणिक पुसत का न्यायचा? याचं उत्तर तुमच्या अर्थात नाही. आणि त्या अरामाईक व्युत्पत्तीला प्राचीन लिखित आधार आजवर कुणी दाखवलेला नाही. ध्वनी जुळतात, एवढंच. ध्वनी तर ‘अब्राक्सास’शीही जुळतात! म्हणून मी लेखात एकही व्युत्पत्ती सिद्ध म्हणून मांडली नव्हती. तुम्ही तो परिच्छेद वाचलाच नाहीत, असं म्हणणं मला भाग आहे.

ग्रीकमध्ये प्रत्येक अक्षराला अंकाची किंमत असते; अब्राक्सासच्या अक्षरांची ती मांडून बेरीज करा, 365 येते. त्यात वादाला जागा नाही. लांबी आणि शुद्धलेखनावर मी वेळ घालवणार नाही.

सेरेनसच्या आधीचा एखादा अरामाईक दाखला तुमच्याकडे असेल तर तो इथे द्या, लेखात तुमच्या नावानिशी घालीन. पुन्हा ‘बंद करा’ आलं, तर मात्र ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.