मॉर्मन कुटुंबांबद्दलच्या त्या मेसेजचा खुलासा

‘अमेरिकेतल्या युटामध्ये एक धार्मिक मॉर्मन कुटुंब मुलाबाळांसह पंथाबाहेर पडलं, कारण तिथे अजून बहुपत्नीत्व चालतं; आता त्यांच्याशी बोलायलाही नियमाने बंदी आहे,’ असा मेसेज फिरतोय. मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला, स्वतःला ख्रिस्ती मानणारा पंथ. त्यातून घरंच्या घरं एकत्र बाहेर पडतात, हे खरं. बाकीच्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

मुख्य मॉर्मन चर्चने बहुपत्नीत्व थांबवण्याचं १८९० मध्येच जाहीर केलं. आज तसं करणाऱ्याचं सभासदत्व जातं. वाळीत टाकण्याचा नियमही नाही. पत्र पाठवून नाव काढून घेता येतं.

मग श्रद्धा का ढळते? बऱ्याचदा इतिहास वाचून. संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या अनेक पत्नी होत्या, हे चर्चनेच २०१४ मध्ये आपल्या संकेतस्थळावरच्या निबंधात सविस्तर मान्य केलं. तो मी वाचलाय, तुम्हीही वाचू शकता. लहानपणापासून वेगळंच ऐकलेल्या माणसाला ते किती लागत असेल!

आणि ताटातूट होतेच, फक्त नियमाने नव्हे. मॉर्मन मंदिरातल्या विवाहविधीला चर्चचं परवानापत्र असलेल्या सभासदांनाच प्रवेश असतो. पंथ सोडलेली आई पोटच्या मुलीच्या लग्नात बाहेर थांबते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.